इल्मोला, आडोसा सोपवताना

हा घे. तीन घड्यांचा पुठ्ठा,
कडेला कॉफीचा डाग, मधल्या घडीला चिकटपट्टी.
याच्या आड मी सव्वीस हिवाळे
फासे लपवले, आणि बहुतेक वेळा
घाबरलेला चेहरा.

इथे ओउलूत डिसेंबरात अडीचलाच काळोख पडतो.
बंदरात क्रेन चालवायचे तेव्हा
केबिनमधून खालचे कंटेनर दिसायचे,
मी त्यांच्या गल्ल्या करायचे, गल्ल्यांना चोर द्यायचे.
तिथेच एक शहर लिहिलं, चाळीस पानांचं.
वेशींवरच्या जकातीचे दर, राजाच्या सुनेचं गुपित,
सराफांच्या आळीत कुठल्या ओट्यावर मांजर बसतं
तेसुद्धा.

चौघे आले, नदीपाशी थांबले,
आणि नावाड्याला म्हणाले, तुझं नाव काय?
नाव नव्हतं. नावाडी म्हणजे माझ्या वहीत
तीन शब्द: नदी ओलांडून देतो.
समोर मिठाची बरणी होती. म्हटलं, सुओला.
सगळे हसले. आमच्यात मिठालाच सुओला म्हणतात.
मग अकरा शुक्रवार
कुणी पलीकडे गेलंच नाही.

शहर अजून आहे.
या टेबलाचा डुगडुगता पाय त्यावरच उभा आहे.
वाकून बघ.

तर शेवट लिहू नकोस.
राहवलं नाहीच, तर पेन्सिलने लिही
आणि खोडरबर त्यांच्या बाजूला ठेव.

फासा कधी टाकायला सांगायचा
हे कळायला मला नऊ वर्षं लागली.
कुलूप साधं असेल तर उघडू दे की दार!
दान पडलं तर एक वाट, नाही पडलं तर दुसरी,
आणि दोन्ही वाटांवर काहीतरी वाट बघत उभं,
असं असेल तरच टाकायला लाव.
पडल्यावर खोटं बोलू नकोस.
मी बोलले आहे. यूसोचा योद्धा मरत होता,
मी आडोशामागे दोनाचे सतरा केले.
त्याला कळलं. बोलला नाही काही.
पण त्यानंतर तो योद्धा कशालाच घाबरेना,
आणि न घाबरणाऱ्याला राक्षस दाखवणं म्हणजे
विझल्या चुलीवर आधण.

जो फार बोलतो त्याला नकाशा काढायला दे.
जीभ आणि पेन्सिल एकदम चालत नाहीत.
मार्क्कूच्या चालतात. त्याला इलाज नाही,
त्याला बिस्किटं दे.

आणि राइसा.
तीन आठवडे ती नुसती सोंगटी फिरवत बसायची.
मला वाटलं, कंटाळली.
चौथ्या शुक्रवारी सुओलाला म्हणाली,
लोकांना सोडून परत येताना नाव रिकामी असते,
तेव्हा तू काय करतोस?

मी आडोशामागे पाहिलं.
हवामानाचे तक्ते होते, तलवारींच्या किमती,
विषं, वर्णानुक्रमे.
पुठ्ठा आडवा केला. म्हटलं, तूच सांग.

तिने सांगितलं.
वीस मिनिटं फाशाला कुणी हात लावला नाही,
मार्क्कूने बिस्किटालासुद्धा.
त्या वसंतात तिने आईला रोवानिएमीला पोचवलं होतं,
परतीचा रस्ता एकटीने चालवला होता,
हे मला फार नंतर समजलं.
कधी विचारायचं नसतं असलं काही.
नावाडी विचारतो. त्याला चालतं.

बाकी किरकोळ आहे.
घड्याळाकडे कुणी बघायच्या आत थांब,
दाराच्या कडीवर कुणाचातरी हात असताना.
सूप आधी, रक्तपात नंतर.
नियम विसरलास तर तिथल्या तिथे ठरव,
पुस्तक उद्या उघड.
मेलेल्यांची नावं लिहून ठेव, ते लोक विसरत नाहीत.

पायऱ्यांवर बूट आपटताहेत, बर्फ झाडताहेत.
आज मी त्यांच्या बाजूला बसणार, खिडकीपाशी.
सुओला जिवंत आहे अजून.
त्याचा आवाज जरा घोगरा काढ.
नाही जमला
तर तुझाच चालेल.